कोकणात बसून लिंकनवर कादंबरी लिहायची तर

जन्मापासून मृत्यूपर्यंतचा सगळा अब्राहम लिंकन घ्यायचा नाही, हे आधी ठरवून टाका. १८०९ ते १८६५ या छप्पन्न वर्षांत चार कादंबऱ्यांचा ऐवज आहे. तो एकीत कोंबला की पुस्तक शाळेतल्या चरित्रासारखं धावत सुटतं: ओंडक्यांची झोपडी, चुलीच्या उजेडातला अभ्यास, वकिली, निवडणूक, युद्ध, नाट्यगृहातली गोळी. दर प्रकरणात दोन वर्षं संपतात आणि एकाही पात्राला निवांत जेवायला बसता येत नाही. पन्नास-साठ हजार शब्दांच्या कादंबरीला आठ-नऊ वर्षांचा तुकडा खूप झाला, त्याहून कमी तर उत्तमच.

कुठला तुकडा? व्हाइट हाऊस सगळ्यांनाच खुणावतं. पण तिथे मंत्री, सेनापती, सिनेटर अशी माणसांची जत्रा सांभाळावी लागते, आणि लिंकन कुठल्या दिवशी कुठे होता हे अभ्यासकांनी तारीखवार मांडून ठेवलेलं असल्यामुळे चूक लपत नाही. पहिल्या कादंबरीला १८२८ ते १८३७ हा काळ घ्यावा. होडीतून न्यू ऑर्लिन्स या दक्षिणेकडच्या बंदराच्या दोन फेऱ्या, न्यू सेलम हे इलिनॉयमधलं इवलंसं गाव, बुडीत गेलेलं दुकान, पोस्टमास्तरकी, जमीनमोजणी आणि आमदारकी. इथे नोंदी विरळ आहेत, म्हणून कल्पनेला वाव आहे. शिवाय नदी, होडी, गाळ, उधारीची वही, गावकीतली भांडणं हे सगळं खाडीकाठी वाढलेल्या माणसाच्या ओळखीचं. फळ्यांच्या फटीतून पाणी कसं झिरपतं हे पुण्यातल्या लेखकाला पुस्तकात शोधावं लागतं. दाभोळ-जयगडच्या धक्क्यावर ते तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, विचारता येतं.

वही आधी, प्रकरण नंतर

एक लांब वही घ्या आणि पानाचे तीन रकाने पाडा. पहिल्यात त्या काळच्या कागदाने सिद्ध होतं तेवढंच: पत्र, कोर्टाची नोंद, वर्तमानपत्र, विधिमंडळाचं कामकाज. दुसऱ्यात लोकांनी मागाहून सांगितलेल्या आठवणी. तिसऱ्यात तुम्ही रचलेलं. तिन्ही रकान्यांना वेगळी शाई वापरा, कारण सहा महिन्यांनी आपण रचलेली गोष्टच आपल्याला खरी वाटू लागते.

घात करतो तो दुसरा रकाना. लिंकन गेल्यावर त्याचा वकिलीतला भागीदार विल्यम हर्नडन याने जुन्या ओळखीच्या माणसांना गाठून आठवणी जमवल्या. तीस-तीस वर्षांपूर्वीचं बोलणं, आणि तोवर ज्याच्याविषयी बोलायचं तो माणूस हुतात्मा झालेला! जॉन हँक्स हा आईकडचा नातलग. न्यू ऑर्लिन्सचा गुलामांचा बाजार पाहून लिंकन कसा पेटून उठला, हे त्याने मोठ्या ठसक्यात सांगितलं. पण हँक्स सेंट लुईसहूनच माघारी वळला होता, असं खुद्द लिंकनने १८६०च्या आपल्या छोट्या आत्मवृत्तात लिहून ठेवलंय. अ‍ॅन रटलेजचंही तसंच. ती २५ ऑगस्ट १८३५ ला वारली हे पक्कं; तिचं-लिंकनचं लग्न ठरलं होतं का, याचा त्या वेळचा एकही कागद नाही. कादंबरीत ती जरूर आणा, दोघांना नदीकाठी बसवा, मात्र तिच्या नावाचं पत्र रचून तारीख घालून छापू नका. वाचक ते अस्सल समजून पुढे पाठवतात.

हे आपल्याकडे घडलेलं आहे. मराठी शाळांच्या भिंतींवर लावलेलं लिंकनचं हेडमास्तरांना पत्र त्याच्या कागदपत्रांत कुठेही नाही. सुंदर आहे, पाठ आहे, पण ते कादंबरीत आलं की जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटतो. गेटिसबर्गचं भाषण आगगाडीत पाकिटाच्या पाठीवर खरडलं, हीसुद्धा दंतकथाच.

मूळ कागदांसाठी अमेरिकेला जायला नको. लिंकनची पत्रं, मसुदे, तारा यांच्या प्रतिमा लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. त्याच्या समग्र लेखनाचे खंड मिशिगन विद्यापीठाने शोधता येतील असे ठेवलेत. जे लागेल ते मे संपायच्या आत उतरवून घ्या. मिरगानंतर वीज आणि रेंज दोन्हींचा भरवसा नाही.

होडीचं प्रकरण

१८३१ च्या वसंतात डेंटन ऑफट या व्यापाऱ्यासाठी लिंकन, सावत्रभाऊ जॉन जॉन्स्टन आणि हँक्स यांनी सँगमन नदीवर एक सपाट होडी बांधली. सुमारे ८० फूट लांब, १८ फूट रुंद. ही आपल्या पडावासारखी नव्हे. हिला खालचा कणा नाही, तळ पाटासारखा सपाट. शिडावर चालणारी नाही. लांब वल्ही असतात ती मुख्यतः दिशा धरायला. पुढे नेतो तो प्रवाह. त्यामुळे ही होडी फक्त खालच्या अंगाला जाते. न्यू ऑर्लिन्सला माल विकला की होडीही लाकडाच्या भावात विकायची आणि वाफेच्या बोटीने परतायचं. तुमच्या नायकाने तीच होडी वल्हवत घरी आणली, तर पुढचं सगळंच हास्यास्पद होतं.

न्यू सेलमपाशी होडी पाणचक्कीच्या बांधावर अडकली. हा कादंबरीतला पहिला मोठा प्रसंग, कारण लिंकन त्या गावाला दिसला तो असा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला आणि काठावर बघ्यांची गर्दी. क्रम नीट लावा. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, बांधापलीकडे अधांतरी, मागची बाजू खाली, आणि मागे पाणी साचू लागलेलं. आधी काही माल उतरवून वजन कमी केलं. उरलेलं वजन पुढे आलं तसं आतलं पाणीही पुढे धावलं. मग गिरमिटाने नाळेच्या तळाला भोक पाडलं, पाणी बांधाच्या पलीकडे गळून गेलं, भोकात खुंटी ठोकली आणि होडी घसरून पुढे गेली. लिहिणारे घोटाळा करतात तो भोकाच्या जागेत. पाण्यात असलेल्या भागाला भोक पाडलं तर होडी भरेल; ते हवेत लोंबणाऱ्या टोकालाच हवं. वाचकाला हे वाक्याच्या ओघात कळलं पाहिजे, आकृती काढून नव्हे. लाकडाचा भुसा आधी कोरडा पडतो, मग ओला, मग बारीक धार लागते. एवढं दाखवलं की काम झालं.

कोकणी लेखकाची इथली ठरलेली चूक म्हणजे भरतीची वाट पाहणं. होडी रुतली की आपल्या हाताला आपोआप सहा तासांचा हिशेब येतो, उधाणाची मोठी भरती आहे की भांगाची लहान ते आठवतं. सँगमनला भरती-ओहोटी नाही. तिथे पाणी वाढतं ते वर पाऊस पडला किंवा बर्फ वितळलं तर. १८३०-३१ चा हिवाळा इलिनॉयमध्ये भयंकर बर्फाचा म्हणून ओळखला जातो. मार्चमध्ये ते वितळून इतका पूर आला की जमिनीवरून वाट नव्हती आणि ही मंडळी होडग्यातून नदीने खाली आली. एप्रिलच्या मध्याला बांधावर पाणी किती असेल, याचा अंदाज त्यावरून बांधा.

गाळात रुतलेल्या बोटीचा विषय लिंकनच्या डोक्यातून पुढेही गेला नाही. २२ मे १८४९ ला त्याला पेटंट मिळालं, क्रमांक ६४६९. बोटीच्या दोन्ही अंगांना जलरोधक कापडाचे घडीचे कप्पे, दांडे-दोरांनी ते खाली सोडून हवेने फुगवायचे आणि बोट उथळ जागेवरून उचलून न्यायची. पेटंट असलेला अमेरिकेचा एकमेव राष्ट्राध्यक्ष तोच. ते यंत्र प्रत्यक्ष व्यवहारात कधी आलं नाही. तुमच्या काळाच्या चौकटीबाहेरची ही गोष्ट आहे, तेव्हा कादंबरीत कुणाच्या तोंडी भविष्यवाणी घालू नका. बांधावर तो होडीकडे ज्या नजरेने बघतो, त्यात ती असली की पुरे.

ऊन, चांदणं, जेवण

रत्नागिरीत सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा तेरा तासांचा. इलिनॉयमध्ये तोच फरक साधारण सव्वानऊ तासांपासून पंधरा तासांपर्यंत जातो. डिसेंबरात साडेचारला दिवे लावायची वेळ येते, जूनमध्ये संधिप्रकाश रेंगाळतो. आपल्याकडे सूर्य बुडाला की अंधार कसा झपकन पडतो! ती सवय मोडली नाही, तर संध्याकाळचे सगळे प्रसंग चुकतात. पाऊसही चार महिन्यांचा नाही, तो वर्षभर अधूनमधून येतो. पागोळ्या आणि पन्हळी लिहायचा मोह आवरा.

चांदणं तर अंदाजाने लिहूच नका, आणि लिंकनच्या कादंबरीत तर मुळीच नाही. १८५८ मध्ये डफ आर्मस्ट्राँगवर चाललेल्या खुनाच्या खटल्यात साक्षीदार म्हणाला की डोक्यावर आलेल्या चंद्राच्या उजेडात आपण मारामारी पाहिली. लिंकनने पंचांग पुढे करून दाखवलं की २९ ऑगस्ट १८५७ च्या त्या रात्री चंद्र मावळतीला टेकला होता. आरोपी सुटला. स्टेलेरियम या मोफत खगोल प्रणालीत ठिकाण आणि तारीख घातली की चंद्र दिसतो. वेळ मात्र स्थानिक सौर वेळेवर ठेवा, कारण अमेरिकन रेल्वेची प्रमाणवेळ १८८३ मध्ये आली.

जेवणात मक्याची भाकरी, डुकराचं मांस, मध. भाकरी आपल्यासारखी थापून तव्यावर टाकू नका; तिथे मक्याचं पीठ कालवून चुलवणासमोर फळीवर, राखेत किंवा झाकणाच्या लोखंडी भांड्यात भाजत.

कोण कोणाला काय म्हणतं

निवेदनात लिंकन एकेरीच ठेवा. 'लिंकन म्हणाले' लिहायला लागलात की पुतळा उभा राहतो. संवादांत मात्र विचार करावा लागतो, कारण इंग्रजी पत्रांतून तू-तुम्ही कळत नाही. नात्यावरून ठरवा. जिवलग मित्र जोशुआ स्पीड आणि तो एकमेकांना तू म्हणतील. हर्नडन त्याला 'मिस्टर लिंकन' म्हणे आणि तो हर्नडनला 'बिली', म्हणजे एकाकडून तुम्ही, दुसऱ्याकडून तू. पुढे बायकोला, मेरीला, आणलंत तर तीही त्याला 'मिस्टर लिंकन' म्हणायची. मराठीत तिथे 'अहो' चपखल बसतं.

लिंकनच्या जन्मराज्याच्या, केंटकीच्या, बोलीसाठी मालवणी वापरावी का, हा प्रश्न हमखास येतो. वापरू नये. मालवणी ऐकली की वाचकाला कुडाळ दिसतं, केंटकी नाही. त्याऐवजी साधी, छोट्या वाक्यांची, संस्कृत शब्द गाळलेली मराठी द्या. मालवणीतून घ्यायचा तो खवचटपणा. लिंकनच्या गोष्टी सांगण्याच्या ढंगाला तो शोभतो. आवाज खर्जातला करू नका, समकालीनांनी तो उंच, काहीसा किरटा असल्याचं लिहिलंय. आणि दाढी नाही! ती १८६० च्या शेवटी आली.

गुलामगिरीचा प्रश्न सोपा करू नका. ३ मार्च १८३७ ला इलिनॉयच्या विधिमंडळात लिंकन आणि त्याचा सहकारी आमदार डॅन स्टोन यांनी निषेध नोंदवला: गुलामगिरी अन्यायावर आणि वाईट धोरणावर उभी आहे, पण निर्मूलनवाद्यांच्या प्रचाराने तिचे दुष्परिणाम वाढतात. दोन्ही अर्धी वाक्यं ठेवा. फक्त पहिलं ठेवलं तर तो संत होतो, फक्त दुसरं ठेवलं तर खलनायक. काळ्या माणसांना पार्श्वभूमीला उभं करून ठेवू नका. हैतीत जन्मलेला विल्यम फ्लोरव्हिल याने याच काळात स्प्रिंगफील्डला न्हाव्याचं दुकान थाटलं. दुकानात गप्पा होतात, गावाचं राजकारण कानावर पडतं. त्याच्या नजरेतून दोन प्रकरणं सहज निघतील.

युद्धकाळच हवा असा हट्ट असेल, तर कोकणाचा धागा तिथे खरोखर सापडतो. १८६१ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेची बंदरं रोखली गेली, तिथला कापूस अडकला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच शेअरबाजार कोसळला. कुलाब्याच्या कापूस वखारीत राबणारा राजापूर-देवगडकडचा एखादा हमाल रचा. तो मुंबईला गलबताने किंवा घाट चढून जाईल. अमेरिकेची बातमी त्याच्यापर्यंत आठवड्यांनी पोचेल, कारण १४ एप्रिलला लिंकनवर गोळी झाडली गेली, त्याची खबर लंडनलाच २६ एप्रिलला लागली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, हा या धाग्याचा नैसर्गिक शेवट.

हस्तलिखित झालं की मागे दोन-तीन पानांची टीप जोडा आणि तिसऱ्या रकान्यातली रचलेली पात्रं, प्रसंग, पत्रं नावानिशी सांगून टाका. होडीची प्रकरणं एखाद्या जुन्या तांडेलाला वाचून दाखवा. जिथे तो वैतागून मान हलवेल तिथे खूण करा. सँगमनला भरती येत नाही, एवढं त्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर निम्म्या खुणा फुकट जातील.