ड्रम्सवर फिल घेताना लय सुटते? आधी तोंडाने म्हणा

ग्रूव्ह (सतत चालणारा ठेका) मस्त चालू असतो आणि फिल (ठेका सोडून मध्येच घेतलेला छोटा तुकडा) आला की स्पीड वाढतो नाहीतर पुढची 'एक' (पुढच्या बारची पहिली बीट) हुकते, हे खूप जणांचं होतं.

१. मेट्रोनोम (टिक-टिक करून लय देणारं यंत्र किंवा ॲप) ६० वर, म्हणजे मिनिटाला ६० बीट, ठेवा. तीन बार (चार बीटचं एक आवर्तन म्हणजे एक बार) साधा ग्रूव्ह आणि चौथ्या बारच्या फक्त शेवटच्या बीटला फिल, पूर्ण बारचा इतक्यात नकोच.

२. त्या बीटला तोंडाने 'ति-र-कि-ट' म्हणा, चारही अक्षरं सारख्या अंतरावर. मग तेच स्नेअरवर (समोरचा करकरीत आवाजाचा ड्रम) हातांनी उजवा-डावा-उजवा-डावा आणि लगेच पुढच्या 'एक'वर क्रॅश (मोठी झांज) आणि किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) एकदम.

३. हे बसलं की तेच चार स्ट्रोक वाटून टाका, दोन स्नेअरवर दोन फ्लोअर टॉमवर (जमिनीवर उभा असलेला खोल आवाजाचा ड्रम), किंवा दुसरा स्ट्रोक गाळा पण तोंडाने म्हणत राहा, किंवा शेवटचे दोन हाताऐवजी किकवर घ्या, प्रत्येक वेळी नवा फिल तयार होतो आणि खरी मजा इथेच आहे.

डावा पाय मात्र पूर्ण वेळ हाय-हॅटवर (पायाने उघडमिट होणारी झांजांची जोडी) प्रत्येक बीटला पडलाच पाहिजे, फिलमध्ये तो थांबला की लय हमखास हलते.

आणि गाणाऱ्याची ओळ चालू असताना फिल घुसवू नका, ओळ संपल्यावरच्या मोकळ्या जागेत घ्या.