गाडीच्या दाराचे जाम झालेले लॉक कसे सोडवावे

परभणी, हिंगोलीकडच्या पाणंद रस्त्यांनी फिरणाऱ्या गाडीच्या लॉकमध्ये उन्हाळ्यात फुफाटा साचतोच; त्यात रिमोटच्या सवयीमुळे चावी महिनोन्‌महिने दाराला लागत नाही आणि सेल संपल्यावर ती फिरेनाशी होते. अशा वेळी इंजिन ऑइल किंवा खोबरेल तेल सोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो सपशेल चुकीचा आहे. तेलाने काही दिवस लॉक फिरते खरे, पण पुढची सगळी धूळ त्याच तेलाला चिकटून आत लुकणासारखा लगदा होतो.

प्रथम कमी वापरलेली दुसरी चावी लावून पाहावी. ती फिरली, तर पहिलीचे दाते झिजले आहेत. चावी सहज फिरूनही दार उघडत नसेल, तर बहुधा लॉकला दाराच्या कडीशी जोडणारा दारातला दांडा क्लिपमधून निसटलेला असतो.

चावी आत जाते पण फिरत नाही, हा खरा अवघड प्रकार असून सुरुवातीला त्यानेच मला सर्वाधिक छळले. सिलिंडरमध्ये, म्हणजे चावी जाते त्या लॉकच्या नळकांड्यात, ओळीने पितळी पट्ट्या असतात व प्रत्येकीला बारीक स्प्रिंग असते. योग्य चावीने साऱ्या पट्ट्या एका पातळीत आल्या, तरच आतला गाभा फिरतो. एक पट्टी जरी मळाने अडकली, तरी कितीही जोर लावून उपयोग नाही. पक्कडीने चावी पिळू नये, हे मी निक्षून सांगतो. ती आत तुटली की साध्या सफाईचे काम कुलूपवाल्याकडे जाते. भोकाची झडप अलगद दाबून कॉन्टॅक्ट क्लीनरचा (विजेच्या जोडण्या साफ करायच्या, लगेच उडून जाणाऱ्या द्रावणाचा) फवारा नळीने आत मारावा आणि चावी न फिरवता आत-बाहेर करून दर वेळी फडक्याला पुसावी. तिच्यावर काळा, चिकट मळ येतो. चावी स्वच्छ निघू लागेपर्यंत हेच करावे, अर्धा तास लागला तरी लागू द्यावा. मग चावी पूर्ण आत घालून केसभर मागे ओढावी आणि हलक्या हाताने दोन्ही बाजूंना हलवत राहावी. अडकलेली पट्टी बहुतेक वेळा इथेच सुटते.

लॉक पूर्ण वाळल्यावरच तेलाऐवजी कोरडे वंगण म्हणून चिमूटभर ग्रॅफाइट पावडर फुंकावी. ओल्यात तिचे गोळे होतात.

एवढे करूनही गाभा हलला नाही, तर सिलिंडर काढावे लागते. अनेक गाड्यांत त्याचा बोल्ट दाराच्या कडेवरील बुचामागे असतो. गाभा बाहेर ओढताना चावी आतच ठेवावी. नाहीतर पट्ट्या स्प्रिंगसह उडू शकतात, आणि त्यांचा क्रम चुकल्यास तीच चावी त्या लॉकला लागत नाही.