बलात्काराच्या बातमीतला ‘च’ काढा: डेस्कवर बसणाऱ्यांसाठी

ही कॉपी, म्हणजे छापण्यासाठी आलेला बातमीचा मजकूर, पाहा. अशा कॉप्या वृत्तपत्राच्या संपादन डेस्कवर नेहमी येतात.

‘मित्रांसोबत रात्री उशिरापर्यंत पार्टी करून एकटीच घरी परतणाऱ्या २२ वर्षीय तरुणीवर नराधमाने अतिप्रसंग केल्याची धक्कादायक घटना घडली. तरुणीने मात्र दोन दिवसांनी पोलिसांत धाव घेत बलात्कार झाल्याचा दावा केला आहे.’

यात तिला कुणीही थेट दोष दिलेला नाही. तरीही पहिलं वाक्य संपायच्या आत वाचणारा मनाशी म्हणून मोकळा होतो, ‘मग दुसरं काय होणार?’ हे त्याच्याकडून कॉपीनेच म्हणवून घेतलेलं असतं. खाली प्रतिक्रियांत तिच्या चारित्र्याचा पंचनामा सुरू होतो, त्यासाठी लागणारा सगळा दारूगोळा आपण इंट्रोतच, म्हणजे बातमीच्या सुरुवातीच्या ओळींतच, पुरवलेला असतो.

पेन्सिल घेऊन तिच्याबद्दलचे तपशील एका रेघेने अधोरेखित करा, त्याच्याबद्दलचे दोन रेघांनी. वरच्या कॉपीत तिचे सहा निघतात: मित्र, पार्टी, उशीर, एकटी, वय, दोन दिवसांचा विलंब. त्याचा एकच, आणि तीही शिवी. आता तिच्या प्रत्येक तपशिलाला विचारायचं, हा गुन्ह्याचा भाग आहे का? पार्टी नाही. मित्र नाहीत. वेळ हवी असेल तर ‘रात्री’ एवढं पुरे. मग फिर्याद पुन्हा उघडायची आणि त्याच्याबद्दल काय लिहिलंय ते शोधायचं. बहुतेक वेळा बरंच काही असतं, फक्त कॉपीत उतरलेलं नसतं. समजा, फिर्यादीत तो ओळखीचा होता आणि त्याने घरी सोडतो असं सांगितलं, असं आहे. मग कॉपी अशी होते:

‘घरी सोडण्याच्या बहाण्याने दुचाकीवर बसवून तरुणीवर बलात्कार केल्याच्या आरोपावरून पोलिसांनी तिच्या ओळखीतील ३० वर्षीय तरुणाला अटक केली. वाटेत त्याने गाडी निर्जन रस्त्याने नेली व तिला धमकावले, असे फिर्यादीत म्हटले आहे.’

‘ती त्याच्या दुचाकीवर बसली’ आणि ‘त्याने तिला दुचाकीवर बसवले’ या दोन वाक्यांत घटना एकच, पण कर्ता बदलला की वाचकाचा प्रश्न बदलतो. आरोपी ओळखीचा असणं हा अपवादही नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत तो ओळखीचाच निघतो. त्यामुळे ‘ओळखीच्या तरुणासोबत गेली आणि घात झाला’ या धाटणीचं हेडिंग आलं तर सरळ परत पाठवा.

क्रियापद आणि चिल्लर शब्द

पाऊस झाला, अपघात झाला, तसा ‘बलात्कार झाला’. करणारा गायब. ‘अत्याचाराला बळी पडली’ त्याहून वाईट, कारण तिथे पडण्याची क्रियाही तीच करते. ‘केला’ लिहिलं तर खटल्याआधी दोषी ठरवल्यासारखं होतं, अशी शंका डेस्कवर निघते आणि ती रास्त आहे. उपाय सोपा आहे: ‘बलात्कार केल्याचा आरोप’, ‘केल्याप्रकरणी गुन्हा दाखल’. करणारा राहतो, निकालही आधी लागत नाही.

खरी मेख मात्र च, ही, तर, मात्र यांत असते. ‘एकटीच’ मधला च काढून बघा. ‘ती ओरडलीही नाही’, ‘तक्रार मात्र दोन दिवसांनी’, ‘तीही त्याला ओळखत होतीच’. यातली माहिती कदाचित खरी असेल, पण टोमणा कॉपी लिहिणाऱ्याचा आहे. शेवटची प्रूफ वाचताना फक्त हे चार शब्द शोधायचे. दोन मिनिटंही लागत नाहीत.

‘दावा’ हा शब्द चोरीच्या फिर्यादीला आपण लावत नाही. ‘मोबाइल चोरीला गेल्याचा दावा’ असं कोण लिहितं? मग इथेही ‘फिर्यादीत म्हटले आहे’ पुरतं. ‘कथित’ लावायचंच तर कृत्याला लावा, तिला नको. ‘कथित पीडिता’ म्हणजे तिच्यावर अविश्वास.

जुने शब्द

‘अब्रू लुटली’, ‘शील भ्रष्ट केलं’, ‘तोंड काळं केलं’, ‘इज्जतीवर घाला’: या सगळ्यांचा अर्थ एकच, की काहीतरी तिचं गेलं आणि आता ती कमी झाली. हे सरसकट बाद. ‘अतिप्रसंग’ही बाद, त्यातून बलात्कार की छेडछाड ते कळत नाही. ‘विनयभंग’ हा कायद्याच्या मराठीतला शब्द असल्यामुळे टाळता येत नाही (भारतीय न्याय संहितेचं कलम ७४), पण त्यापुढे त्याने नेमकं काय केलं ते एका साध्या वाक्यात सांगा.

‘नराधम’ वापरताना आपण तिच्या बाजूने लिहितोय असं वाटतं. होतं उलटं. वाचकाच्या डोक्यात राक्षसाचं चित्र पक्कं बसतं आणि उद्या आरोपी म्हणून शिक्षक, काका किंवा सोसायटीचा सचिव आला की तोच वाचक म्हणतो, ‘तो तसा वाटत नाही हो.’ म्हणजे खोटं बोलणारी तीच. आधी ‘संशयित’ किंवा ‘आरोपी’, शिक्षा झाल्यावर ‘दोषी’. एवढं पुरे.

‘लग्नाचे आमिष’ हा साचाही जरा तपासून घ्या. आमिषाला भुलणारी मूर्ख किंवा हावरट, असा त्याचा ध्वनी आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत यासाठी वेगळं कलम ६९ आहे आणि त्यात भर त्याच्या फसवणुकीवर आहे. ‘लग्न करण्याचा हेतू नसताना तसे वचन देऊन’ असं लिहा. लांब होतं, होऊ द्या.

‘ओरडली का नाही’ आणि ‘उशीर का केला’

हे दोन प्रश्न पोलीस प्रेसनोटमधून किंवा बचाव पक्षाच्या युक्तिवादातून कॉपीत येतात. युक्तिवाद छापायला हरकत नाही, पण तो एकटा छापू नका. त्याच परिच्छेदात कायदा काय म्हणतो तेही हवं: न्याय संहितेच्या कलम ६३ नुसार शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं मानता येत नाही. विलंबाबाबत पंजाब राज्य विरुद्ध गुरमीत सिंग या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की बाई आणि तिचं घर तक्रार करावी की नाही यावर विचार करतात, त्यात वेळ जातो. प्रतिकार न होण्यामागे शरीराचंही कारण असतं. स्टॉकहोममधल्या तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ७० टक्के जणींनी हल्ल्याच्या वेळी शरीर मोठ्या प्रमाणात गोठून गेल्याचं सांगितलं.

या वाक्यांची किंमत महाराष्ट्राला तरी नव्याने सांगायला नको. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सत्र न्यायालयाने तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचं म्हणत पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, ती सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, अंगावर जखमा नाहीत हे एक कारण देऊन. १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ साली कायदा बदलला. (त्या मुलीचं नाव आजही सर्रास छापलं जातं. विरोधाभास कुणाला खटकत नाही.)

वैद्यकीय अहवालात पूर्वीच्या शरीरसंबंधांविषयी काही लिहिलेलं असेल तर ते छापायचं नाही, अगदी सूत्रांच्या हवाल्यानेही नाही. ‘टू-फिंगर’ चाचणी (पूर्वीचे शरीरसंबंध ठरवण्यासाठी बोटांनी केली जाणारी तपासणी) करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरावं, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. जामिनाच्या आदेशांतही तिचे कपडे, वागणं, भूतकाळ यांची चर्चा नको, असं याच न्यायालयाने मार्च २०२१ च्या अपर्णा भट प्रकरणात बजावलं होतं. न्यायाधीशांना मनाई असलेलं आपल्याला चालतं, असं समजायचं कारण नाही.

ओळख कुठून फुटते

नाव छापत नाही म्हणजे झालं, हा मोठा गैरसमज. न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार ओळख कळेल असं काहीही छापलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. सज्ञान स्त्रीने स्वतः लेखी परवानगी दिली तर नाव छापता येतं. ती हयात नसेल तर कुटुंबाच्या होकारावरही छापू नये, निर्णय सत्र न्यायाधीशांचा, असं निपुण सक्सेना प्रकरणात (डिसेंबर २०१८) ठरलं. मूल असेल तर पॉक्सोचं (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं) कलम २३ आणखी कडक आहे: शाळा, शेजार, कुटुंबाचे तपशील सगळंच वर्ज्य, आणि जबाबदारी मालक-प्रकाशकांवरही येते.

प्रत्यक्षात ओळख तुकड्यांनी फुटते. एकाने गाव छापलं, दुसऱ्याने वडिलांचा धंदा, तिसऱ्याने इयत्ता. दोन हजार वस्तीच्या गावात एवढं बस्स होतं. म्हणून तालुक्याच्या खाली उतरू नका आणि इयत्ता लिहू नका. आरोपी नात्यातला असेल तर नातं किंवा आरोपीचं नाव, दोन्हींपैकी एकच छापता येतं. ‘वडिलांना अटक’ लिहून त्यांचं नाव दिलं की मुलीचं नाव दिल्यातच जमा. शक्य असेल तर इतर दैनिकांनी नातं ठेवलंय की आरोपीचं नाव, तेही विचारून घ्या.

ऑनलाइनवाल्यांनी लिंकमधले शब्द, फोटोच्या फाइलचं नाव, टॅग आणि व्हिडिओचा थंबनेल वेगळे तपासावेत. चेहरा धूसर केला पण आवाज तोच, मागे घराचा दरवाजा तोच, असं हमखास होतं. आणि गुडघ्यांत तोंड खुपसून बसलेल्या मुलीचा तो काळपट फाइल फोटो, तो कायमचा पुसून टाका. लाज तिने का वाटून घ्यायची? पोलीस ठाण्याची पाटी किंवा न्यायालयाची इमारत चालते.

नेत्याचं वक्तव्य आणि शेजारची चौकट

कुणीतरी कपड्यांवर किंवा रात्री फिरण्यावर बोलतो आणि ते हेडिंग होतं. बातमी द्यावीच लागते. पण हेडिंगमध्ये त्याचं वाक्य अवतरणात एकटं सोडू नका. ‘पीडितेलाच दोष देणारे वक्तव्य’ हे शब्द आधी यावेत. ‘तुम्हाला काय वाटतं?’ असा कौल तर घ्यायचाच नाही. अशा बातमीखाली प्रतिक्रिया बंद ठेवा. तपासायला माणूस नेमलेला असेल तरच उघडा.

बातमीशेजारी ‘मुलींनो, ही काळजी घ्या’ अशी चौकट लावण्याची सवय भल्या हेतूची असते, पण तिचा अर्थ ‘हिने घेतली नाही’ असाच निघतो. त्या जागेत हे द्या: तातडीसाठी ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. घटना कुठेही घडलेली असो, तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्द सांगून परत पाठवता येत नाही. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने तातडीने आणि मोफत उपचार करायचे असतात.

निकालाच्या दिवशी एक चूक ठरलेली असते. पुराव्याअभावी सुटका म्हणजे तक्रार खोटी निघाली असं नव्हे. निकालात तसं स्पष्ट म्हटलं असेल तरच लिहा. आणि एखाद्या निवांत दुपारी आपल्याच संकेतस्थळाच्या शोधखिडकीत ‘अब्रू’ टाइप करून बघा. जे सापडेल ते जुन्यापासून दुरुस्त करत या.