हलका, जाळीदार ब्रेड घरी कसा करावा

घरचा ब्रेड दडस झाला की दोष यीस्टला दिला जातो. यीस्ट जुने असेल तर तसे होतेही, पण बहुतेक वेळा खरे कारण कणकेत असते. ती घट्ट भिजवलेली असते आणि तिला फुगायला वेळ दिलेला नसतो.

९ बाय ५ इंचांच्या साच्यासाठी ५०० ग्रॅम मैदा, ३२५ मिलिलिटर पाणी, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १० ग्रॅम मीठ, १५ ग्रॅम साखर आणि ३० ग्रॅम मऊ लोणी घ्या. पाकिटावर प्रथिने ११ ते १३ टक्के लिहिलेला मैदा मिळाला तर उत्तम. सगळे वजनकाट्यावरच मोजा. वाटी दाबून भरली की हलक्या हाताने भरली, एवढ्यानेच पिठाचे वजन बरेच बदलते.

इन्स्टंट यीस्ट थेट पिठात मिसळते. दाणेदार ड्राय यीस्ट असेल तर ते आधी चिमूटभर साखर घालून कोमट पाण्यात भिजवा. दहा मिनिटांत वर फेस आला तर ते जिवंत आहे. पाणी हाताला सुखद वाटेल इतकेच गरम हवे, कारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास यीस्ट मरते.

लोणी सोडून सगळे एकत्र करा आणि कोरडे पीठ दिसेनासे झाले की वीस मिनिटे झाकून ठेवा. तेवढ्या वेळात पीठ पाणी पिते आणि निम्मे काम आपोआप होते. मग लोणी घालून दहा-बारा मिनिटे कणीक तिंबा. तळव्याने पुढे ढकला, दुमडा, फिरवा.

सगळ्यांत कठीण असतात ती पहिली पाच मिनिटे. कणीक बोटांना, ओट्याला चिकटते आणि हात पिठाच्या डब्याकडे जातो. तिथेच थांबा. वरून घातलेले मूठभर पीठसुद्धा ब्रेड जड करते. ओटा उलथन्याने खरवडून घ्या, हात जरा ओले करा आणि तिंबत राहा. सातव्या-आठव्या मिनिटाला कणीक एकाएकी वळणावर येते, तुकतुकीत दिसू लागते, बोटे सोडू लागते. लिंबाएवढा गोळा तोडून दोन्ही हातांनी हळूहळू ताणून पाहा. पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पडदा न फाटता ताणला गेला, तर ग्लूटेनची, म्हणजे पिठातल्या प्रथिनांची, लवचीक जाळी तयार झाली. यीस्टने सोडलेला वायू हीच जाळी धरून ठेवते.

आता तेलाचा हात लावलेल्या उभट भांड्यात कणीक झाकून ठेवा आणि तिची पातळी बाहेरून रबरबँडने खुणावून ठेवा. ती दुप्पट व्हायला उबदार जागी तास-सव्वा तास लागतो, थंडीत दोन तासही लागतात. घड्याळापेक्षा खुणेवर विश्वास ठेवा.

फुगलेली कणीक हलकेच दाबून चौकोनी पसरा, घट्ट गुंडाळी करा आणि जोड खाली येईल अशी लोणी लावलेल्या साच्यात ठेवा. गुंडाळी सैल राहिली तर आत पोकळ्या पडतात.

दुसऱ्यांदा फुगवताना जास्त लक्ष द्या. चाळीस-पन्नास मिनिटांत कणीक साच्याच्या काठावर साधारण दोन सेंटिमीटर येते. पीठ लावलेल्या बोटाने हळूच दाबा. खळगा झटकन भरून आला तर अजून थांबा. सावकाश, अर्धवट भरला तर ओव्हनची वेळ झाली. अजिबात भरला नाही तर कणीक जास्त फुगली आहे आणि ती भाजताना बसेल. अशी कणीक वाया मात्र जात नाही, हवा काढून पुन्हा गुंडाळी करा आणि पुन्हा फुगू द्या.

ओव्हन २०० अंशांवर वीस मिनिटे आधीच तापवलेला हवा. ब्रेड आत सरकवताना खालच्या ट्रेमध्ये कपभर उकळते पाणी ओता, हात आणि चेहरा वाफेपासून जपून. वाफेमुळे वरचा पापुद्रा लवकर कडक होत नाही आणि ब्रेडला उसळायला वाव मिळतो. ही उसळी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच येते, म्हणून तेवढा वेळ दार उघडू नका. एकूण तीस ते पस्तीस मिनिटे भाजा. तळाशी टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, किंवा थर्मामीटरने मध्यभागी ९३ ते ९६ अंश दाखवले, की झाले.

लगेच साच्यातून काढून जाळीवर ठेवा, नाहीतर तळाला घाम सुटतो. घरभर सुटलेल्या वासाने धीर धरवत नाही, तरी किमान तासभर सुरी लावू नका. आतला स्टार्च अजून बसत असतो, गरम ब्रेड कापला तर जाळी दबून लगदा होते. कापतानाही दातेरी सुरी घ्या आणि वजन न देता करवतीसारखी चालवा.