जुन्या सोलच्या बाजाचा फंक अल्बम ध्वनिमुद्रित करताना

१९६० च्या दशकातील सोल या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संगीताचा बाज आपल्या फंक (सोलमधूनच निघालेल्या ठेकाप्रधान संगीताच्या) अल्बमला यावा असे वाटत असेल, तर टेपचा आभास देणारी सॉफ्टवेअर शोधण्याआधी सगळे वादक एका खोलीत बसवण्याची तयारी करावी. अमेरिकेतील मेम्फिसच्या स्टॅक्स या सोल ध्वनिमुद्रण कंपनीचा स्टुडिओ जुन्या चित्रपटगृहात होता, तिथली उतरती जमीन तशीच ठेवलेली होती आणि वादक एकमेकांकडे पाहत एकत्र वाजवत असत. एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये थोडा शिरणे हा त्या ध्वनिमुद्रणांचा दोष नसून, माझ्या मते, प्राण आहे.

कोल्हापुरात यासाठी मंगल कार्यालयाचा फरशीचा हॉल घेऊ नये, कारण तिथे आवाज फार घुमतो. जाड मातीच्या भिंतींचा आणि लाकडी तक्तपोशीचा जुन्या वाड्यातला सोपा (दर्शनी दालन) मिळाला तर उत्तम. ड्रमच्या मागे घोंगडी आणि वाकळी टांगल्या की पुरते. आषाढी एकादशीनंतर लग्ने थांबतात आणि बँडपथकातील ट्रम्पेट व सॅक्सोफोन वाजवणारे गणेशोत्सवापर्यंत बरेचसे मोकळे असतात, म्हणून हाच काळ धरावा. मात्र पावसाचे दिवस असल्याने पत्र्याच्या छपराखाली ध्वनिमुद्रण करू नये.

ड्रमला दोन माइक पुरेसे आहेत: एक वर, एक बेस ड्रमसमोर. स्नेअरवर (खाली तारा असलेल्या छोट्या ड्रमवर) कापडाची घडी ठेवली की तिचा झणकार आटोक्यात येतो. स्टॅक्सचे ड्रमवादक अल जॅक्सन ज्युनियर त्यासाठी स्नेअरवर पैशांचे पाकीट ठेवत. बेस गिटारला फ्लॅटवाउंड (सपाट, गुळगुळीत पृष्ठभागाच्या) तारा लावाव्यात. मोटाऊन या सोल ध्वनिमुद्रण कंपनीचे बेसवादक जेम्स जेमर्सन अशाच तारा वापरत आणि त्या सहसा बदलत नसत.

सर्वाधिक वेळ सुषिर वाद्यांना द्यावा. मिरवणुकीत वाजवणाऱ्या कलाकारांची फुंक जबरदस्त असते आणि ती दाबून टाकणे म्हणजे हाती आलेले धन घालवणे होय. त्यांना एकाच माइकभोवती अर्धवर्तुळात उभे करावे, ट्रम्पेटला सॅक्सोफोनपेक्षा दोन पावले मागे ठेवावे आणि समतोल साधेपर्यंत माणसे पुढेमागे हलवावीत; नंतर यंत्रावर आवाज कमीजास्त करून तो साधत नाही. फंकचे प्रमुख गायक जेम्स ब्राऊन आपल्या वादकांकडून पहिल्या मात्रेवर ठाम आघाताची अपेक्षा करत. ढोलकी-हलगीच्या ठेक्यांवर वाढलेल्या वादकांनी ती मात्रा एकदा पकडली की मेट्रोनोम बंद करावा, कारण गाण्याच्या शेवटी लय किंचित चढली तर ती चढू द्यावी.

टेपयंत्र नसले तरी संगणकावर आठच ट्रॅक (स्वतंत्र ध्वनिपट्ट्या) ठेवावेत. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या डॅपटोन या ध्वनिमुद्रण कंपनीने २००० नंतरही आठ ट्रॅकच्या टेपवर काम केले. ट्रॅक मोजके असले की निर्णय वादनाच्या वेळीच घ्यावे लागतात. मिक्स (सगळ्या ट्रॅकचे एकत्र मिश्रण) आधी मोनोमध्ये (सगळा आवाज एकाच वाहिनीत), एकाच छोट्या स्पीकरवर ऐकावे, आणि त्यात बेसची चाल स्पष्ट कळत नसेल तर इतर वाद्यांतील खर्जाचा भाग कमी करून पुन्हा ऐकावे.