नागपूरच्या उन्हाळ्यात कावाची बाटली: साठवण, थंडावा आणि उघडण्याची रीत

कावा ही प्रामुख्याने स्पेनच्या कातालोनिया प्रांतात होणारी फसफसणारी वाईन असून पांढऱ्या कावाची बाटली नागपुरात उघडताना जे काही बिघडते, ते बहुतेक वेळा उष्णतेमुळे बिघडते. म्हणून ही बाटली कुठून येते, ते आधी पाहावे. बार्सेलोनाजवळच्या सांत सादुर्नी द'आनोइआ या गावी कोदोर्निउ घराण्याची जुनी वास्तू आहे. या घराण्याच्या वाईनव्यवसायाची नोंद १५५१ सालापर्यंत मागे जाते. तिथे जोसेप रावेन्तोस यांनी १८७२मध्ये शॅम्पेनच्या पद्धतीने, पण मकाबेओ, शारेल्लो आणि पारेयादा या स्थानिक द्राक्षांपासून ही वाईन केली. वास्तुरचनाकार पुच इ कादाफाल्क यांनी उभारलेल्या तिथल्या इमारतींना १९७६मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. मात्र वाईनच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत ती त्यांच्याखालची लांबच लांब, बारमाही गार तळघरे.

या पद्धतीत तयार वाईनमध्ये लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद केली जाते. आतल्या आत पुन्हा आंबवण होते आणि कोंडलेल्या वायूचा दाब सुमारे ६ वातावरणांपर्यंत चढतो. मृत यीस्टच्या साक्यावर बाटली किमान ९ महिने आडवी राहते. मग ती हळूहळू फिरवत उलटी केली जाते, साका मानेत उतरतो, मान अतिथंड द्रावणात बुडवून तो गोठवला जातो आणि झाकण काढताच दाबाने बाहेर फेकला जातो. शेवटी चवीपुरती साखर घालून किंवा न घालताच बूच बसते. लेबलावर ‘ब्रूट’ असेल तर लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर आहे असे समजावे. ‘ब्रूट नेचर’मध्ये वरून साखर घातलेलीच नसते.

महिनोन्‌महिने गारव्यात पडून राहिलेली ही बाटली मे महिन्यात ४५ अंशांच्या नागपुरात माळ्यावर ठेवणे म्हणजे तिची माती करणे होय, कारण स्लॅबखालचा माळा ही घरातली सर्वांत तापणारी जागा असते. तापमान वाढले की वायू द्रवात विरघळून राहत नाही, दाब वाढतो आणि चवही शिजल्यासारखी होते. कूलरच्या खोलीवरही फार विसंबू नये; दुपारी वीज गेली की तो गारवा संपतो. फ्रिजचा खालचा कप्पा सर्वांत खात्रीचा. दुकानातून बाटली संध्याकाळी आणावी आणि गाडीच्या डिकीत विसरू नये. समृद्धी महामार्गाने येणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की वाटेत लागणाऱ्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे.

प्यायच्या वेळी वाईन ६ ते ८ अंशांवर असावी. त्यासाठी फ्रिजमध्ये चार तास पुरतात. घाई असल्यास बादलीत निम्मा बर्फ, निम्मे पाणी आणि दोन मुठी मीठ घालून बाटली मानेपर्यंत अर्धा तास बुडवावी. लाकडी पॉटमध्ये आइस्क्रीम फिरवलेल्या घरांना मिठाचे हे गणित सांगायला नको. नुसता बर्फ टाकल्यास मध्ये हवा राहते आणि थंडावा बाटलीपर्यंत पोहोचत नाही. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नये. मी एकदा ठेवली आणि विसरलो, तेव्हा अख्खा संध्याकाळचा वेळ काचा वेचण्यात गेला.

उघडण्यापूर्वी बाटली हलवू नये. वरचा कागद काढून अंगठा बुचावर दाबून धरावा आणि तारेचा फास सहा अर्धे वेढे उलगडून सैल करावा. तार काढण्याची गरज नाही, उलट तिच्यासकट बूच पकडल्यास हात घसरत नाही. बाटली तिरपी धरून, तोंड माणसांपासून आणि पंख्यापासून दूर वळवून, बूच स्थिर ठेवावे व बाटली बुडाकडून फिरवावी. बूच स्वतःच वर येऊ लागले की त्याला सोडण्याऐवजी किंचित मागे रेटावे. आवाज सुस्काऱ्याइतका झाला तर काम जमले. लग्नाच्या वरातीसारखा धडाका म्हणजे वायू आणि वाईन दोन्ही वाया.

ग्लास उभट, वर किंचित निमुळता आणि साबणाचा अंश न राहिलेला असावा. आधी बोटभर ओतून फेस बसू द्यावा, मग एक तृतीयांशच भरावा, कारण इथल्या हवेत पूर्ण भरलेला ग्लास संपेपर्यंत कोमट होतो. सोबत पुडाची वडी अत्यंत उत्तम: वाईनमधला आंबटपणा आणि बुडबुडे तळणीचा तेलकटपणा कापतात, आणि वडीतल्या भरपूर सांबाराशी, म्हणजे कोथिंबिरीशी, वाईनचा हिरवा, फळासारखा सुवास जुळतो. सावजी रस्सा मात्र टाळावा. त्या तिखटावर बुडबुडे आगीत तेल ओततात.

उरलेली वाईन दाबाच्या खास झाकणाने बंद करून फ्रिजमध्ये ठेवल्यास दोन दिवस बरी राहते. मानेत चमचा लटकवण्याचा उपाय अनेकजण आवर्जून सांगतात. त्याने काहीही होत नाही.