मानेला शेक (कॅन्सरचं रेडिएशन) घेतलेत? मग मानेतल्या रक्तवाहिन्याही तपासत राहा

ह्यांच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग मानेला शेक दिले. वर्षं सरली, तपासण्या चांगल्या येत गेल्या, घरात सगळे म्हणाले, सुटलो. कॅन्सरमधून सुटलो हे खरंच. पण मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड रक्तवाहिन्या मानेतूनच जातात, त्यांनाही शेक लागलेले असतात. त्यांचं आतलं अस्तर दुखावतं, भिंत जाड होते, चरबी साचते. हे हळूहळू, कित्येक वर्षं चालतं. दुखत-खुपत काहीच नाही, आणि पहिलं लक्षण एकदम अर्धांगवायूचंच असू शकतं.

आधी जुनी फाइल काढा. किती ग्रे (शेकाचं माप) दिले, मानेच्या एका बाजूला की दोन्ही, हे त्यात असतं. बहुतेकांना 60 ते 70 ग्रे, सहा-सात आठवड्यांत दिलेले असतात. ती फाइल बीपी-शुगरच्या डॉक्टरांनाही दाखवा आणि स्पष्ट विचारा, मानेचा डॉपलर कधीपासून, किती वर्षांनी करायचा? ही साधी सोनोग्राफी आहे. सुई नाही, रेडिएशन नाही. ह्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, ती हनुवटीकडे सरकवून घेतात. शेकाने मान कडक झालेली असते, तेव्हा जोरात वळवू नका असं आधीच सांगा.

रिपोर्टमध्ये रक्तवाहिनीचा अरुंदपणा टक्क्यांत येतो. 50 च्या आत असेल तर सहसा गोळ्यांवर भागतं. 70 च्या वर गेला किंवा लक्षणं दिसली, तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनला दाखवायचंच. शेक घेतलेली मान कापणं अवघड, म्हणून अनेकदा स्टेंटचा, म्हणजे रक्तवाहिनी आतून उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीचा, विचार होतो. थायरॉइडही दर सहा ते बारा महिन्यांनी तपासा. शेकाने तो मंदावतो आणि कोलेस्टेरॉल वाढतं. मशेरी, पुडी, बिडी घरात आणूच नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, अर्धांगवायूची ही लक्षणं सगळ्यांना पाठ असतात. आपल्या माणसाचं तोंड तर ऑपरेशननंतर आधीच वाकडं! जीभ जड, आणि मानेतल्या गाठी काढल्यामुळे खांदा वर जात नाही. मग नवीन काय ते ओळखायचं कसं? मी मोबाइलवर ह्यांचा एक छोटा व्हिडिओ करून ठेवलाय. नाव सांगतात, 'पंचवटी, नाशिक' म्हणतात, दात दाखवतात, दोन्ही हातांनी माझी दोन-दोन बोटं आवळतात. दर दिवाळीला नवा करते. मुलाच्या मोबाइलवरही तो आहे. खांद्यापेक्षा मुठीवर भरवसा ठेवा. एका हाताची पकड अचानक सैल झाली, बोलणं व्हिडिओतल्यापेक्षा बिघडलं, किंवा एका डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखा अंधार आला, तर थांबू नका. दहा मिनिटांत सगळं ठीक झालं तरी जायचंच.

108 ला फोन करा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. म्हणून चोवीस तास सीटी कुठे होतो आणि आमच्या नाशिकच्या द्वारका चौकासारख्या कोंडीत न अडकता तिथे कसं पोचायचं, हे आजच ठरवून ठेवा. स्वतःच्या मनाने अ‍ॅस्पिरिन देऊ नका, रक्तस्राव असेल तर घात होईल. पाणी, चहाही नको, गिळणं आधीच कच्चं असतं. माणूस शेवटचा ठणठणीत किती वाजता दिसला, ती वेळ फाइलच्या कव्हरवर लिहा आणि फाइल बरोबर घ्या.